आधी चहा, मग पाणी

कंडक्टरबाईंना दारात उभं राहिलेलं माणूस सहन होत नसे, मग ते दार एसटीचं असो की त्यांच्या घराचं. "दारात गर्दी करू नका, आत सरका, आत लई जागा हाय!" हे वाक्य त्या लातूर-नांदेड गाडीत दिवसातून शंभरदा म्हणत, आणि घरी आल्यावरही आवाजाची पट्टी खाली येत नसे. चाकूरच्या आमच्या गल्लीत दूधवाला, वर्गणी मागणारे, मीटर बघायला येणारे, सगळे त्या आवाजाने दचकून दोन पावलं आत जात. दचकत नसू ते आम्ही शेजारीच. आम्ही उंबऱ्याबाहेर उभं राहून हसून बोलायचो, आणि आत बोलावलं की सगळ्यांना एकदमच गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

कारण सांगायची लाज वाटते, पण सांगते. गल्लीत सात घरं. सहा आमच्यासारखी, खेड्यात शेती आणि पोरांच्या शाळेसाठी इथं बांधलेलं घर. कोपऱ्यावरचं सातवं विकलं गेलं आणि त्यात हदगावकडची ही बाई नवऱ्यासह राहायला आली. गच्चीवर पंचशीलाचा झेंडा, ओसरीत बुद्धाची मूर्ती आणि पहिल्याच दिवशी अख्ख्या गल्लीला खणखणीत "जय भीम!" गल्लीत एक निवृत्त काका आहेत. त्यांना कुणी सल्ला विचारत नाही, म्हणून ते न विचारता देतात. ते म्हणाले, "विकणाऱ्यानं निदान आपल्याला इचारायचं तरी." माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, उठल्या. त्यांनी फक्त आपली बसायची बाज अंगणाच्या त्या घराकडच्या कडेवरून उचलून या कडेला टाकली.

बुद्धपौर्णिमेला कंडक्टरबाईंनी घरोघरी खीर दिली. मी वाटी दोन्ही हातांनी घेतली, "कशाला एवढा त्रास" वगैरे म्हटलं, आणि मागच्या दाराने जाऊन खीर म्हशीच्या आंबोणात ओतली. वर शिष्टाचार एवढा, की रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून वाटीत साखर घालून नेऊन दिली. कंडक्टरबाईंनी वाटी घेतली आणि विचारलं, "म्हशीला आवडली का?" मी खीर ओतली तेव्हा त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, आणि गच्चीवरून आमचा गोठा स्वच्छ दिसतो. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्या मात्र हसत होत्या, आणि ते हसणं मला आजही माफ करणारं वाटत नाही.

पुढच्या पौर्णिमेला त्यांनी दोन वाट्या आणल्या. "मोठी म्हशीची, धाकटी तुमची." मी धाकटी वाटी स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून खाल्ली. वेलदोडा घातलेली, दाट, सुरेख खीर होती. आत्याबाईंना सांगितलं, दोन्ही म्हशीने खाल्ल्या. म्हणजे माझी प्रगती एवढीच, की अपमान करायची ते आता चोरी करू लागले.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाऊ लागले, आत्याबाईंचा डोळा लागला की. एकदा विचारलं, "बाई, तुम्हाला राग येत नाही का आमचा?" त्या खाकी गणवेशाला बटण लावत होत्या. म्हणाल्या, "तेवीस वर्सं झाली. माझ्या हातचं तिकीट घेतात, सुट्टे घेतात, माझ्याजवळ बसून नांदेड गाठतात. गाडीत कुणाला काही होत न्हाई. खाली उतरले की माझ्या घरचं पाणी चालत न्हाई. मग मी काय जल्मभर गाडीतच रहावं का?" त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि चहा टाकायला उठल्या.

मग तो उन्हाळा आला. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी आणि गल्लीतले सगळे बोअर एकामागून एक गप्प. चालू राहिला तो एकच, कोपऱ्यावरचा. तेव्हा आमच्या थोरामोठ्यांना अचानक तत्त्वज्ञान सुचलं. "पाणी जमिनीच्या पोटातलं, त्याला कसली आली जात!" असं म्हणत सगळे घागरी घेऊन त्यांच्या दारात उभे. कंडक्टरबाईंनी फाटक सताड उघडलं. नळ मागच्या अंगणात, आणि तिकडे जायची वाट ओसरीतून. ओसरीत सतरंजी अंथरलेली, मोठ्या पातेल्यात चहा. "पाणी सगळ्याला हाय," त्या म्हणाल्या, "पण आधी चहा, मग पाणी. घरटी एकानं प्यायचा, पण घरातल्या थोरल्यानं. सुनांना पुढं करायचं न्हाई."

त्या सकाळी आमच्या गल्लीत जेवढे आजार निघाले तेवढे सरकारी दवाखान्यातही नसतील. एकाला ॲसिडिटी, एकाला शुगर, दोघांना उपवास. कंडक्टरबाईंकडे सगळ्यावर इलाज होता. "शुगरवाल्याला बिनसाखरेचा. दूध सोसत न्हाई तर काळा. उपास असू द्या, चहा उपासाला चालतो. कप मात्र माझा." सल्लागार काका कप हातात घेताना सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी." बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, पाय धरू नका. कप धरा, सांडून राहिला."

लोक अजून म्हणतात, ती अडवणूक होती. होतीच. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हे आमच्याच आज्या सांगून गेल्या. आणि पिढ्यान् पिढ्या विहिरीवर कुणी कुणाला अडवलं, हे विचारायला यातलं कुणी जात नाही. त्या बाईने पाणी तोडलं नाही, विटाळ मानला नाही, कुणाला लांबून ओंजळीत ओतलं नाही. सतरंजीवर बसवून चहा पाजला. याला कुणाला जुलूम म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

गल्लीतली पाच घरं चार दिवसांत सतरंजीवर बसली. अडल्या त्या आमच्या आत्याबाई. "मी मरंन, पण तिच्या वसरीत टेकणार न्हाई." माझी लेक तेव्हा वर्षाची. दुसऱ्याच दिवशी कंडक्टरबाई दोन घागरी स्वतः आमच्या दारात ठेवून गेल्या. मी नियमाचं विचारलं तर म्हणाल्या, "पाच वर्साखालचं लेकरू फुकट." मग आठवडाभर आमच्या घरात फक्त लेकरू न्हात होतं. तिच्या आंघोळीचं पाणी परातीत धरून आत्याबाई त्यानेच हातपाय धुवायच्या. ते चालत होतं. नवव्या दिवशी मी बोललेच, "आत्याबाई, पाणी त्यांचंच आहे. तुम्ही फक्त चहाला भिताय." माझ्या लग्नानंतर मी त्यांना उलटून बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या दिवसभर जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि काठी घेतली. मी घागर घेऊन मागे. कोपऱ्यावरच्या दारात त्या थांबल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "पंच्याहत्तरच्या पुढल्याला एसटीत तिकीट न्हाई. मग मला इथं काहून? सवलत द्या."

कंडक्टरबाईंनी हात पुढे केला. "आधार कार्ड."

आत्याबाईंचं कार्ड कमरेच्या पिशवीत असतंच. बाईंनी चष्मा लावला, कार्ड गाडीत बघतात तसं उलटसुलट पाहिलं. "एक जानेवारी. सत्तर बी पुरे न्हाईत मावशी. साडेपाच वर्सं कमी पडतात."

"कार्डावर खोटं हाय! मोठ्या दुष्काळात मला दोन लेकरं होती."

"असतील. पण मी कार्ड मानते. बसा. दारात गर्दी करू नका."

दारात गर्दी कसली, आम्ही दोघीच होतो. आत्याबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, काठी भिंतीला टेकवली आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसल्या. चहा बशीत ओतला, फुंकला, आणि एक थेंब न ठेवता प्यायल्या. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "साखर कमी हाय." कंडक्टरबाई आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या, पुन्हा अर्धा कप ओतला आणि विचारलं, "किती?" आत्याबाई म्हणाल्या, "दोन चमचे." मला रडू फुटलं, म्हणून मी मागच्या अंगणात जाऊन घागर नळाखाली लावली. ओसरीतून कंडक्टरबाईंचा आवाज आला, "सूनबाई, नळ बंद कर, घागर वाहून राहिली!"

यानंतर गल्ली सुधारली असं मी म्हणणार नाही. पाऊस पडला, बोअर भरले, आणि पुष्कळांची ॲसिडिटी परत आली. पण आत्याबाईंची बाज जुन्या जागी गेली. दुपारची ड्युटी नसली की दोघी तिथे बसून भांडत, शेंगा फोडत. म्हशीची वाटी बंद झाली. आत्याबाई म्हणाल्या, "तिला कशाला, मी हाय की."

गेल्या वर्षी कंडक्टरबाई निवृत्त झाल्या आणि घर विकून हदगावला गेल्या. तिकडे सासरचं थोडं रान आहे. जाताना आत्याबाईंच्या पाया पडायला वाकल्या, तर आत्याबाईंनी हात धरून वर उचललं आणि नुसत्या हुंदके देत राहिल्या. टेंपो निघेना तेव्हा बाईंनीच पत्र्यावर दोनदा थाप मारली, डबल बेल द्यावी तशी.

घर घेतलं ते गाद्यांचं दुकान असलेल्या मुसलमान कुटुंबाने. आठच दिवसांत सल्लागार काका कागद घेऊन आले. या लोकांनी इथं राहू नये म्हणून गल्लीच्या सह्या. म्हणाले, "कंडक्टरीण आपलीच होती, तिचं चाललं. पण हे आपल्यातले न्हाईत." मला हसू आलं. ती 'आपली' व्हायला आम्हाला दोन पौर्णिमा, एक म्हैस आणि सहा कोरडे बोअर लागले होते. मी म्हटलं, "काका, मी सही करणार नाही. आणि कुणी कुणी केलीय तेवढं वाचून दाखवा." घरचे म्हणाले, उगीच सगळ्यांशी वाकडं कशाला. घेतलं वाकडं. काका बाजेवरच्या आत्याबाईंकडे वळले. आत्याबाईंनी कागद पाहिलाही नाही. त्या चपला शोधत होत्या.

भर सकाळी, काका बघत असताना, आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दारात गेलो. त्या घरची शमीमभाभी बाहेर आली. तिने आमच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं, जे कंडक्टरबाईंच्या चेहऱ्यावर मी कधीच नीट पाहिलं नव्हतं. बोलवायचं आहे, पण "चहा आत्ताच घेतला" ऐकायची तयारी करून. "चाय पीते क्या तुमे लोगां?" तिने अडखळत विचारलं. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "पिणार. आणि दारात नाही, आत बसून."

दुपारी हदगावला फोन लावला. सगळं सांगितलं. कागदाचं ऐकून बाईंनी एवढंच विचारलं, "म्हातारी बसली का?"

"बसल्या की. सगळा प्यायल्या."

"मग काय म्हणल्या?"

"साखर कमी हाय म्हणाल्या."