तिसऱ्या अंकातलं हसू

१४ मार्च १९९७. दुपारी मी सासरी, वरसे गावातल्या घरी, ओटीवर कडवे वाल निवडत बसले होते. तेवढ्यात माझा थोरला भाऊ आला. धरमतरच्या खाडीकाठी आमचं माहेरचं गाव, तिथून दोन एसट्या बदलून. हातात माझ्या नाटकाची वही.

गावच्या चैत्रातल्या जत्रेसाठी मी नाटक लिहून दिलं होतं. खलनायक दरवर्षी दादाच करायचा. तो नुसता विंगेतून खाकरला तरी पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची.

वही सुपाशेजारी ठेवून तो म्हणाला, "हे मला नाय जमायचं."

"का? पन्नाशीत पाठ होत नाही आता?"

"पाठ हाय. पण तिसऱ्या अंकात हा हसतो. हसंल कशाला?"

"गावचा बांध फुटू दिलाय त्यानं. हसेल नाहीतर काय, आरती म्हणेल?"

"तुला नाय कळायचं गो."

मला राग आला, कारण हा खलनायक मी हवेतून काढलेला नव्हता. मी नऊ वर्षांची असताना नारळी पौर्णिमेच्या उधाणात खाडीचं पाणी अडवणारा आमच्या गावचा बांध फुटला होता. खारं पाणी शेतात शिरलं आणि पुढची काही वर्षं भाताचा दाणा नाही. उधाणाच्या दिवसांत भरतीला बांधावर रोज एका घराची राखण असे. ज्याच्या दारात राखणीची काठी, त्याची जबाबदारी. आपली राखण झाली की काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवून यायची. हाक मारायची रीत नव्हती. बांध फुटला तेव्हा काठी शेजारच्या काकांच्या दारात होती आणि काका पेणच्या बाजारात. त्यांनी पैसे खाऊन राखण सोडली, असं गावानं ठरवलं. त्यांना कोणी पाणी दिलं नाही, त्यांच्याशी कोणी बोललं नाही. दोन महिन्यांत ते बायकामुलांना घेऊन गाव सोडून गेले.

माझा खलनायक म्हणजे ते काका. डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल, बोलण्याआधी दोनदा घसा साफ करणं, सगळं त्यांचंच घेतलं होतं. गाव बघताक्षणी ओळखणार आणि टाळ्या पडणार, याचा मला आनंदच होता.

दादा म्हणाला, "तो लोभी नव्हता. घाबरला होता."

"कोण, काका?"

"काका नाय. मी."

मी वाल निवडतच राहिले. हात थांबायला थोडा वेळ लागला.

त्या दिवशी राखण आमच्या घराची होती. दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा. भर दुपारी बांधातल्या खेकड्याच्या बिळातून मनगटाएवढी धार आलेली त्यानं पाहिली. अशा वेळी ओरडायचं आणि माणसं येईपर्यंत बिळात चिखल कोंबून वर आपण बसायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दादा बसला. खालची माती हलली आणि तो पळाला.

"पळालो तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं," तो म्हणाला. "घरी येताना काकांचं दार बंद दिसलं. आपल्या दारातली काठी उचलली नि तिथं टेकवली. मग गावच्या बैठकीत काका बोलाया लागले, सकाळी काठी नव्हती म्हणून. मला वाटलं, आता हा माणूस मला खाणार. म्हणून सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो, याला वाळीत टाका. एकदा पळालं ना, की पुढचं सगळं त्या पळण्याला झाकाया करावं लागतं. तुझा माणूस तिसऱ्या अंकात हसनार नाय. तो सारखा दाराकडं बघल."

तीस वर्षं ज्याच्या आवाजाचं मी कौतुक केलं, तो आवाज कुठे कमावला होता ते मला आज कळत होतं.

काका आता पेणला रामवाडीत लेकीकडे राहतात, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "उद्या सकाळी जाऊ दोघं. त्यांना सांग, मग गावाला सांग."

"व्हय," तो म्हणाला. चहा प्यायला. मी आत कप ठेवायला गेले आणि बाहेर आले तर ओटी रिकामी. वहीसुद्धा नेली नव्हती.

संध्याकाळी नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या वर्षांनी कशाला उकरतेस? माहेर तुटेल तुझं."

ते खरं होतं. भावजय मला दारात उभी करणार नव्हती. मी भाकऱ्या थापता थापता कारणं जुळवायला लागले: काका म्हातारे झालेत, त्यांना धक्का बसेल, नाटकातला टॉवेल तेवढा काढून टाकू, कोणी ओळखणार नाही. चौथ्या भाकरीला लक्षात आलं की मी बंद दार शोधतेय. भाकरी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पेणला गेले. रामवाडीत घर विचारत विचारत सापडलं. काका पायरीवर दात घासत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. बाबांचं नाव सांगितल्यावर उठले आणि आत जायला लागले. मी पायरीखालीच उभी राहिले आणि लेकीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "काका, काठी तुमच्या दारात माझ्या भावानं ठेवली होती."