बंडीवाल्यांचं घर

कोणी कशाचं भरभरून कौतुक करायला लागलं की मामाजींच्या कपाळाला आठी पडायची. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी “पोरगी स्वयंपाकात एक नंबर” असं ठोकून दिलं. मामाजींनी शांतपणे विचारलं, “तुम्ही जेवले काय तिच्या हातचं?” वडील गडबडले. म्हणाले, “चहा पितो रोज.” “मंग चहा चांगला करते म्हना,” असं म्हणून मामाजींनी पोह्यांची बशी पुढे ओढली. त्याच बैठकीत माझं लग्न ठरलं.

“तुनं पाह्यलं काय?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. शेजारणीच्या चार गोष्टी सांगायला बसावं, रंगात यावं, आणि घरापुढच्या छपरीतून, म्हणजे ओसरीतून, हा प्रश्न यावा. सगळी मजा जायची. मी शाळेत शिकवते. थोडं वाढवून सांगितल्याशिवाय पोरं कान देत नाहीत. पण घरी आले की मला तोलूनमापून बोलावं लागे. सुरुवातीची काही वर्षं मी या माणसावर मनातल्या मनात फार चिडले आहे.

आमचं घर वर्ध्याजवळ, पिपरी मेघेच्या पुढे, रस्त्याला लागून वावरात. सागवानी खांबांची लांबच लांब छपरी, विहीर, आणि विहिरीशेजारी बैलांना पाणी पाजायची दगडी डोण. आजूबाजूच्या वावरांचे लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, आणि एक दिवस रस्ता रुंद करणाऱ्यांनी थेट आमच्या छपरीच्या खांबावर लाल खूण केली. घर वाचवायचा एकच मार्ग उरला होता, स्थानिक वारसा म्हणून त्याची नोंद करून घेणं. मामाजी त्याच घरात जन्मले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अर्ज माझ्या चुलतदिरांनी, सुभाष भाऊजींनी केला. सेवाग्राम जवळ असल्यामुळे आमच्याकडच्या दर जुन्या घरात कोणीतरी थोर माणूस मुक्कामाला राहून गेलेला असतो. भाऊजींनीही एका मोठ्या पुढाऱ्याचा मुक्काम अर्जात घातला. पाहणीला आलेले साहेब खूश झाले. “कोणत्या खोलीत झोपले होते ते?” त्यांनी विचारलं. भाऊजी मधल्या खोलीकडे हात करणार, तोच मामाजी म्हणाले, “ते नाई आले साहेब. माह्या बापानं तसं कधी सांगतलं नाई. इथं बंडीवाले झोपत.” साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

साहेबांची गाडी गेल्यावर भाऊजी भडकले. “काकाजी, काऊन बोलले? गप्प राह्यले असते तं घर वाचलं असतं!”

“वाचलं असतं,” मामाजी म्हणाले. “पन मंग ते आपलं नसतं राह्यलं. त्या पुढाऱ्याचं झालं असतं.”

मीही दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून एस.टी.नं तळेगावला गेले. पूर्वी तिकडच्या कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, वर्ध्याच्या बाजारात यायच्या, तेव्हा बैल सोडायची जागा म्हणजे आमची छपरी. त्या बंडीवाल्यांपैकी दादाराव अजून होते. मामाजी त्यांना हाताला धरून घेऊन आले आणि साहेबांना पुन्हा घरी बोलावून त्यांच्यासमोर बसवलं. दादाराव छपरीच्या खांबावर हात फिरवत म्हणाले, “साहेब, रस्त्यानं आमाले कोनी विहिरीवर चढू देत नव्हतं. इथं मालकाचा बाप आपल्या हातानं आमाले दोर देये.” साहेबांनी टोपण काढलं. तेवढ्यात मामाजी म्हणालेच, “रोज नाई हं, साहेब. बाप गावाले गेला की गडी देये.” साहेब हसले आणि लिहायला लागले.

निर्णय लवकर आला नाही. मामाजी मात्र दवाखान्यात भरती झाले. रोज विचारत, “आलं काय काही?” नातेवाईक मला बाजूला घेऊन म्हणायचे, झालं म्हणून सांगून टाक, म्हातारा सुखानं डोळे मिटेल. मला ते जमलं नाही. “नाई आलं, मामाजी,” मी म्हणाले. त्यांनी माझा हात दाबला. “मंग आता तूच पाहजो, पोरी.” त्यांच्या मुलाला किंवा पुतण्याला नाही, मला सांगितलं. इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

ते गेल्यावर मी कचेरीत खेटे घालत राहिले. पावसाळा संपता संपता नोंद झाली. रस्ता पलीकडच्या बाजूला सरकला, छपरी राहिली. आनंदाच्या भरात मी पहिला फोन तळेगावला दादारावांना लावला. म्हातारबुवा एवढे खूश झाले की त्यांचा श्वास लागला. म्हणाले, “मालकाले सांग, मी येऊन राह्यलो म्हना. विहिरीचं पानी काढून ठेव म्हना.”

मामाजी गेल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला फोनवर ते सांगवेना. खोटंही बोलवेना.

“या बाबा,” मी म्हणाले. “पाणी मी काढून ठेवते.”