वळणावरचा लाल पत्रा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कितीदा तोंडाशी आलं – मग उठून पाणी प्यायलो, दुसरंच काहीतरी बोललो. तुमच्यापाशी का बोलतोय, तेही मला नीट सांगता येणार नाही.

मी ट्रक ड्रायव्हर होतो. संगमनेरला एका दूध संघात. एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. पहाटे दुधाचे कॅन भरून पुण्याकडं जायचं, दुपारी रिकामे कॅन घेऊन घाट उतरून परत. दत्तू माझ्यानंतर चार वर्षांनी कामाला लागला. मला किसनदादा म्हणायचा. माणूस कसा होता? चांगला होता. तिथंच तर सगळं दुखणं होतं.

त्या काळी रस्त्यात गाडी बंद पडली की आम्ही मागं चार दगड मांडायचो, झाडाची फांदी तोडून टाकायचो, झालं. गाडी सुरू झाली की दगड तिथंच सोडून निघायचो. दत्तू तसा नव्हता. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, त्याला लाल रंग देऊन, मागं टेकण लावून एक पाटी केली होती. गाडी थांबली की आधी ती पाटी घेऊन शंभर-दीडशे पावलं मागं जायचा, लांबून दिसेल अशी रस्त्यात उभी करायचा, मगच गाडीला हात लावायचा. निघताना एकूण एक दगड उचलायचा.

एकदा मी दगड तसेच टाकून आलो आणि एक मास्तर सायकलवरून त्यांवर पडले. हात मोडला. मॅनेजरनं आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना आवारात उभं केलं. म्हणाला, "गाडी बंद पडली तर काय करायचं ते या दत्तूकडून शिका." आणि माझ्याकडं बघून, "तुम्ही तर आधी शिका, किसनराव." सगळे हसले. दत्तू हसला नाही, खाली बघत राहिला. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पुढच्याच महिन्यात संघाची नवी गाडी आली – दत्तूला मिळाली. घरी बायको म्हणाली, "दत्तूभाऊजींचं नशीब उघडलं बाई." मी ताटावरून उठलो. नशीब! माझ्या हाताखाली गाडी शिकलेला माणूस तो.

त्या दुपारी मी चंदनापुरीचा घाट उतरत होतो. एका वळणावर वळलो आणि समोर नवी गाडी उभी. मी ब्रेक दाबला, मागचे कॅन एकमेकांवर आदळले, कसाबसा बाजूनं निघून पुढं थांबलो. म्हणजे बघा – तिथं किती धोका होता हे मला कुणी सांगायला नको होतं.

मागचं चाक बसलं होतं. गाडी नुकतीच थांबली होती, दत्तू पाटी हातात घेऊन निघालाच होता. मला बघून त्याचं तोंड फुललं. "बरं झालं किसनदादा, तुमी आले. येवढी पाटी वळनाच्या वर लावता का? म्या तवर जॅक लावतो."

मी पाटी घेतली. वळण चढून वर गेलो. पाटी कुठं ठेवायची ते मला दिसत होतं, सरळ रस्ता होता, लांबून येणाऱ्याला दिसली असती. मी उभा राहिलो. लाल रंग नवा होता, त्यानं नुकताच पुन्हा दिला असणार. आणि मला वाटलं – एकदा, फक्त एकदा याच्या मागं पाटी नसू दे. कुणीतरी वळणावर करकचून ब्रेक मारू दे, खाली उतरून याला चार शिव्या देऊ दे. संघापर्यंत जाऊ दे ती गोष्ट. इतकंच. खरंच इतकंच का? मला ठाऊक नाही. मी पाटी घाणेरीच्या झुडपात टाकली आणि खाली आलो.

"लावली?" त्यानं गाडीखालून विचारलं.

"लावली," मी म्हणालो.

मी माझ्या गाडीपाशी जाऊन बिडी पेटवली. ती अर्धीही झाली नसेल. कांदा भरलेला एक ट्रक वळणावरून आला. ब्रेकचा आवाज आला, मग धडक. दत्तूची गाडी जॅकवरून घसरली आणि त्याच्या पायावर आली.

मी आणि त्या ट्रकच्या ड्रायव्हरनं मिळून त्याला काढला. माझ्याच गाडीतून संगमनेरच्या दवाखान्यात नेला. उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

मी इथंच थांबलो असतो तरी – पण नाही थांबलो. पोलीस पंचनाम्याला निघायच्या आधी मी घाटात परत गेलो. झुडपातून पाटी काढली, पायाखाली घेऊन वाकवली, वर सरळ रस्त्याच्या कडेला टाकली. पंचनाम्यात लिहिलं गेलं की पाटी लावलेली होती, कांद्याच्या ट्रकनं ती उडवून पुढं धडक दिली.

तो ड्रायव्हर राहात्याकडचा होता. कोर्टात हात जोडून सांगत होता, "साहेब, देवाशपथ, लाल काय बी दिसलं न्हाई. दिसलं असतं तर म्या थांबलो नसतो व्हय?" मी पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगितलं, पाटी मी माझ्या हातानं लावली होती. त्याला सहा महिन्यांची सजा झाली. लायसन्सही गेलं. पुढं त्याचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. विचारायला एका दिवसाची वाट होती.

नवी गाडी दुरुस्त होऊन आली ती मला मिळाली. मी ती नऊ वर्षं चालवली. नवीन ड्रायव्हर आले की मॅनेजर मला बोलवायचा – गाडी बंद पडली तर काय करायचं ते यांना सांगा. आणि मी सांगायचो.

दत्तूला संघानं कॅन मोजायला बसवलं. दर दसऱ्याला कुबडीवर माझ्या घरी सोनं द्यायला यायचा. माझ्या पोरांना म्हणायचा, "तुमच्या बापानं मला गाडीत घातलं म्हनून म्या जगलो." मी मान हलवायचो.

गेल्या वर्षी तो वारला. दहाव्याला नदीवर ही गर्दी. संघातले, बाजारातले, कुठल्या कुठल्या गावचे ड्रायव्हर, ज्यांना मी ओळखतही नव्हतो. त्याचा थोरला मुलगा आला, माझ्या पाया पडला, मला पुढं नेऊन बसवलं. आणि तिथं बसून मी काय करत होतो, सांगू? माणसं मोजत होतो. माझ्या वेळेला एवढी येतील का, याचा हिशेब करत होतो. नाही येणार, हे कळत होतं – आणि मला पुन्हा त्याचा राग आला.