खालूंचा विलायती वारा

इंग्रज हिंदुस्थान सोडून गेला हे साऱ्या जगाने मान्य केलं, माझ्या खालूंनी मात्र अखेरपर्यंत केलं नाही. खालू म्हणजे माझ्या खालाचे, मावशीचे, यजमान, मूळचे रत्नागिरीकडचे. साठच्या दशकात दुबईतल्या बर दुबई भागात त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि मी तिथे त्यांच्या हाताखाली होतो. त्यांचा साबण विलायती, कात्री विलायती, आणि औषधाच्या बाटलीवर इंग्रजी अक्षरं दिसली की बूच उघडण्याआधीच ताप उतरायचा. एकदा तर खोकल्यावर म्हणून ते पितळ चकचकीत करायचं पॉलिश पिणार होते. खालाने बाटली हिसकावली म्हणून वाचले. "मरणसुद्धा विलायती आलं असतं!" म्हणून ती आठवडाभर हसत होती.

त्यांच्या घरावर चारी बाजूंनी उघडा असा उंच चौकोनी मनोरा होता. तिथले लोक त्याला बर्जील म्हणत. वरचा वारा धरून खालच्या खोलीत सोडायचा, हे त्याचं काम. खालूंनी खोलीतलं त्याचं तोंड फळ्या ठोकून बंद केलं आणि खाली विलायती पंखा मांडला. वीज गावात नवीनच आलेली, त्यामुळे सारखी रुसायची. मग खालू बंद पंख्यासमोर घामाघूम होऊन, पण मोठ्या रुबाबात बसायचे. खाला विनवायची, "अहो, त्या फळ्या काढा ना. शेजारची अरबीण बघा कशी गार झोपते!" खालू म्हणायचे, "तो जंगली वारा. हवेला मशीन लागतं. खलास!" शेवटी उकाड्याने बेजार होऊन तिने निक्षून सांगितलं, फळ्या काढा, नाहीतर माझं बोटीचं तिकीट काढा. खालूंनी तिकीट काढलं.

ती गेली आणि पुढच्याच आठवड्यात एक इंग्रज साहेब घरी जेवायला आला. बिर्याणी चापून त्याने वर पाहिलं, हळहळला आणि फळ्या काढायला लावल्या. भसकन वारा उतरला. साहेब चटईवर आडवा झाला तो घोरायलाच लागला. "साहेब घोरतो! एकदम फर्स्ट क्लास मनोरा आहे!" असं खालू गल्लीभर सांगत सुटले, जणू मनोरा त्याच सकाळी लंडनहून उतरला होता.

त्यानंतर गावी निघालेल्या प्रत्येकाजवळ त्यांचा एकच निरोप असे: "वारा आहे म्हणावं, ये." मीही तो घेऊन गेलो. खाला शांतपणे म्हणाली, "वारा आहे हे मीच सांगत होते ना? तेव्हा माझं ऐकलं नाही. आता त्या साहेबालाच जेवू घाला म्हणावं."

परत येऊन मी हे सांगितलं. खालू वाद घालतील असं वाटलं होतं, पण ते माळ्यावरची दोघांची मोठी चटई उतरवायला गेले. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. दुपारी त्यांनी ती वाऱ्याखाली अंथरली, आणि भिंतीला चिकटून, आपल्या अर्ध्या भागावरच निजले.