करारात न लिहिलेले कुलूप

निकालाचे सॉफ्टवेअर पुरवू पाहणारा माणूस लातूरचा आहे आणि त्याचाच प्रोग्रॅम तिथल्या शिकवणी वर्गांतून चालतो, हे कळले तेव्हा मला पहिली शंका आली. भूकंपाला काही वर्षे झाली होती. लातुरात नवी बांधकामे उभी राहत होती आणि गिलावा ओला असतानाच त्यांच्या वरच्या मजल्यांवर क्लासचे फलक लागत होते. आठवड्याच्या चाचणीचे गुण, क्रमांक, पालकांना जाणारी पत्रे, हे सारे त्या माणसाच्या प्रोग्रॅममधून निघे. आता त्याला नांदेडकडे, आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात यायचे होते. क्लासवाल्यांचा माणूसच पदवीचे निकाल काढणार, हे मला पचत नव्हते.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून संगणकाची पदविका घेतली होती आणि विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर प्रोग्रॅमर होते. मला कायम व्हायचे होते, त्याहून पुढेही जायचे होते. खरेदी समितीत तांत्रिक अभिप्राय माझा होता. बाकीच्या सभासदांना तो एका शब्दात हवा होता: योग्य.

कराराच्या मसुद्याचे दोन भाग होते. सॉफ्टवेअरचा परवाना एकदाच विकत घ्यायचा, तांत्रिक सेवेचे मात्र दरवर्षी नूतनीकरण करायचे. मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. नूतनीकरण रखडले, तर परवाना चालू राहील का? आमच्याकडे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी सरकते, हे मी पाहिले होते. ती अडकलेली असताना निकालाची वेळ आली आणि कंपनीने हात वर केले, तर हिमायतनगर-मुखेडकडून एसटीने गुणपत्रक न्यायला आलेल्या मुलांना आम्ही काय सांगणार? त्यांचे पुढचे प्रवेश आमच्यासाठी थांबणार नव्हते. मसुदा याबाबत गप्प होता.

मी त्या कंपनीमालकालाच विचारले. कपाळावर विभूती, शर्टाला कडक इस्त्री, आवाज अगदी शांत.

"मॅडम, तुम्ही सायन्सच्या दिसता," तो म्हणाला. "लई शंका काढता."

"चालू राहील की नाही?"

"चालू राहील की. आमच्या अप्पांनी त्या भूकंपानंतर जिल्हाभर सिमेंट पुरवलं, कुणाशी कागद केला नव्हता."

"आपण करू या. मसुद्यात घाला."

"हाव, वकिलाला सांगतो."

सुधारित मसुदा आला. त्यात ते वाक्य नव्हते.

सादरीकरणाआधी त्याने सॉफ्टवेअर आमच्या विभागातल्या संगणकावर बसवून दिले. ही चाचणीची प्रत नाही, हीच पूर्ण प्रत तुम्हाला मिळणार, असे त्याने समितीसमोर सांगितले होते. सादरीकरणाच्या दिवशी परीक्षा नियंत्रक, लेखाधिकारी आणि इतर सभासद संगणकाभोवती खुर्च्या ओढून बसले. मालकाने कळ दाबली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली: परवान्यात बाधा आली आहे, कंपनीशी संपर्क साधा.

"कुणीतरी छेडछाड केली," मालक म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

सगळ्यांच्या नजरा वरिष्ठ लिपिकाकडे वळल्या. संगणक आल्यापासून त्यांची कुरकुर चालू होती. मलाही क्षणभर त्यांचाच संशय आला.

"माझ्याकडं काय पाहून राहिले?" ते म्हणाले. "मी ह्यांच्या सॉफ्टवेअरला हात लावला न्हाई. संगणकाची तारीख तेवढी मागं घेतली."

"कशाला?" मी विचारले.

"पत्र मागच्या तारखेचं काढायचं होतं. टाइपरायटरवर आपण टाकू ती तारीख. ह्याच्यात ती आपोआप येते, मग ह्यालाच मागं न्यावं लागतं."

लेखाधिकारी खुदकन हसले. परीक्षा नियंत्रकांनी करड्या आवाजात विचारले, "कुणाचं पत्र होतं ते?"

"साहेब, तुमचंच."

चहा मागवण्यात आला.

मागच्या तारखेची पत्रे ही कार्यालयांची जुनी सवय. तिचे मला नवल वाटले नाही. विचार करायला लावले ते दुसऱ्याच गोष्टीने. तारीख मागे गेली म्हणून जो प्रोग्रॅम बंद पडतो, त्याच्या आत पुढची एखादी तारीख राखलेली असली पाहिजे. राखायला मुदतच नसेल, तर घड्याळावर पहारा ठेवण्याचे कारण काय?

मालकाने एक सांकेतिक क्रमांक टाकला आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला. तो खुर्चीवरून उठताच मी तिथे बसले आणि संगणकाची तारीख वर्षभराहून अधिक पुढे नेली.

"मॅडम, ते नका करू," तो म्हणाला.

मी प्रोग्रॅम उघडला. तीच ओळ पुन्हा आली.

"असं सगळेच ठेवतात," तो लेखाधिकाऱ्यांकडे पाहून म्हणाला. "पैसे बुडवणारे लोक असतात, साहेब."

"ठेवत असतील," मी म्हणाले. "मग करारात लिहायला काय हरकत होती?"

बैठक संपल्यावर परीक्षा नियंत्रकांनी मला व्हरांड्यात थांबवले. "योग्य लिहून मोकळ्या व्हा, ताई. बाकीचं नंतर बघू. खरेदीला उशीर झाला, निकाल लांबले, तर सगळे तुमचं नाव घेतील." हा सल्ला होता की दुसरे काही, हे मला तेव्हा ठरवता आले नाही आणि आजही येत नाही. मी अभिप्राय लिहिला: सॉफ्टवेअर कामास योग्य आहे, परंतु मुदतीचे कुलूप काढल्याशिवाय आणि सेवा खंडित झाली तरी परवाना कायम राहील अशी अट घातल्याशिवाय करार करू नये.

मालकाने दोन्ही गोष्टी लगेच मान्य केल्या, घासाघीस न करता. त्यामुळे मी अधिकच अस्वस्थ झाले. नवी प्रत आली तेव्हा मी तारखा कितीतरी पुढेमागे करून पाहिल्या. प्रोग्रॅम चालत राहिला. मात्र एखादी वस्तू सापडली नाही म्हणजे ती नाहीच, असा निष्कर्ष प्रयोगशाळेत कुणी काढू देत नाही. आता करारात अट तरी होती. त्या आधारावर मी अंतिम अभिप्रायावर सही केली.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाची फाइल लेखा विभागात अडकली. सेवेची मुदत उलटली आणि पदवीच्या निकालाची वेळ आली. एके दुपारी विभागात लातूरहून फोन आला.

"मॅडम, नमस्कार. फाइल काय अजून आली न्हाई आमच्याकडं."

"लेखा विभागात आहे."

"मग निकालाचं कसं करता?"

"निकाल सकाळीच लागले."

"कशावर काढले?"

"तुमच्याच सॉफ्टवेअरवर. का, चालायला नको होतं का?"

मग त्याने माझ्या घरच्यांची खुशाली विचारली.