जंतूंना तेलाची चटक

कारखान्यात तिला सगळे 'गटारवाल्या बाई' म्हणत, आणि तिला त्याचं मुळीच वाईट वाटत नसे. नाव कमावलेलं होतं. एका खाणावळीमागच्या तेलकट गटारातून तिनेच बाटलीभर गाळ आणला होता. त्यातले जंतू मोठे गुणी निघाले. चरबी फोडून पचवणारं एन्झाइम ते अंगातून बाहेर सोडत. साबणाच्या पावडरीत ते घातलं की कपड्यावरचा तेलाचा डाग गार पाण्यातही सुटे.

काचेच्या चंबूत सगळं झकास चाललं होतं. मोठ्या टाकीत घोडं अडलं. जंतू वाढून टाकीतलं पाणी पेजेसारखं दाट झालं, पण एन्झाइम औषधालाही नाही.

"बाई, तुमचे जंतू थकले," मॅनेजर म्हणाला. "दुसरे शोधा."

"जंतू ठणठणीत आहेत, साहेब. लाडावलेत. समोर एवढी साखर असताना तेलाच्या वाटेला कशाला जातील? आणि तेल खायचंच नाही तर एन्झाइम तरी का बनवतील? एक छोटी टाकी माझ्या पद्धतीनं चालवू द्या."

साखर वाढवायचा हुकूम मॅनेजरचाच होता. तो जरा घुटमळला. "बिघडलं तर खापर तुमच्यावर."

"माझ्यावरच फोडा."

तिने साखर बंद केली आणि टाकीत तेल सोडलं. सकाळी पाहते तर तेल वर तरंगतंय आणि खाली जंतू उपाशी. तिने ढवळणी जोरात फिरवली, हवाही वाढवली. मग जो फेस उसळला, तो हवा सुटायच्या नळीतून बाहेर येऊन फरशीभर पसरला. टाकीचा फिटर हात पसरून थेट दारापर्यंत घसरत गेला आणि तिथे दाराची कडी धरून कसाबसा उभा राहिला. मॅनेजरने हे सगळं पाहिलं आणि फरशी पुसायला माणूस पाठवून तो निघून गेला. त्याने चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी नवऱ्याने नाक मुरडलं. "अगं, कसला वास हा?"

"माझ्या शहाणपणाचा." तिने चप्पल दाराबाहेर ठेवली. "चुकलं कुठे ते कळलंय, अहो. चंबू सतत हलत असतो, त्यात तेलाचे बारीक थेंब होतात. टाकीत होत नाहीत. तेल आधीच फोडून द्यायला हवं. डिंकाच्या पाण्यात घुसळलं की झालं."

"म्हणजे पुन्हा तीच टाकी?"

"तीच. जेवायला वाढू का?"

मॅनेजरकडे ती फार आर्जवं करत बसली नाही. चूक सांगितली, उपाय सांगितला आणि कामाला लागली. डिंकाच्या पाण्यात घुसळलेलं तेल दुधासारखं पांढरं झालं, ते तिने टाकीत थोडं थोडं सोडलं. ढवळणी बेताची ठेवली आणि टाकी थोडी गार केली.

"गारव्यानं वाढ मंदावेल," मॅनेजर म्हणाला.

"मंदावू दे. आपल्याला जंतू विकायचे नाहीत. हे जंतू उबेत नुसते फोफावतात, गारव्यात काम करतात. चंबूत पाहिलंय मी."

चाचणी साधी होती. चरबीच्या दुधाळ थराची बशी घ्यायची आणि टाकीतल्या पाण्याचा थेंब त्यावर टाकायचा. एन्झाइम असेल तर थेंबाभोवतीची चरबी विरघळून नितळ गोल उमटतो. आजवर टाकीच्या थेंबाभोवती टिकलीएवढासुद्धा उमटला नव्हता. या वेळी गोल पसरत पसरत बशीच्या काठाला जाऊन भिडला. मॅनेजरने बशी खिडकीशी धरली आणि त्या गोलातून बाहेरचा रस्ता पाहिला.

"मोठी टाकीही तुम्हीच सांभाळा," तो म्हणाला.

"सांभाळते. पण तिची ढवळणी बदलावी लागेल. पाती रुंद हवीत, नाहीतर तळाशी हवा पोचणार नाही."

"केवढी रुंद?"

तिने फिटरकडून खडू मागून घेतला, पदर खोचला आणि फरशीवर पातं काढायला बसली. मॅनेजरही गुडघे दुमडून शेजारी टेकला.