बाहीवालीची चिकटवही

शिलाईच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं फक्त बाह्या लावल्या. कॉलर दुसरीची, काज-बटण तिसरीचं, बाही हिची. म्हणून तिथे सगळे तिला बाहीवाली म्हणत. घरात तर तेवढंही नाव नव्हतं. 'अगं' आणि 'आई', संपलं!

घरातले अल्बम मात्र तिनेच केलेले. नणंदेच्या लग्नाचा, लेकाच्या शाळेचा, नवऱ्याच्या सहलींचा, चांगले अकरा. त्यांपैकी एकातही ती धड दिसत नाही, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात. "तुझा हात हलत नाही गं," नवरा म्हणायचा, आणि ही खुळी त्यालाच कौतुक समजायची.

बारावी वही तिची स्वतःची होती. शिलाई मशीनच्या खणात, कपट्यांच्या खाली ठेवलेली चिकटवही. तिने बाही लावलेल्या पहिल्या शर्टाचा निळा कपटा, बोटातून आरपार गेलेल्या सुईचा एक्स-रे, सुपरवायझरशी कडाकडा भांडली त्या दिवशी मिळालेली नोटीस. आणि मधल्या पानावर एक फोटो. सत्तेचाळिसाव्या वर्षी, घरी ओव्हरटाइमची थाप मारून, ती पोहायला शिकली होती. खोल बाजू पहिल्यांदा पार केली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी तो काढला. निथळणारे केस, कठड्याला धरलेले दोन्ही हात, मागे सगळं पाणी, आणि तोंड उघडं टाकून हसणारी ती एकटी. उभ्या आयुष्यात तिचा एकटीचा असा दुसरा फोटो नव्हता. घरात फारच झालं की ती खण उघडायची, तो बघायची आणि पुन्हा भांड्यांना लागायची.

निवृत्तीच्या संध्याकाळी नणंदही आली होती. सुनेने रिबीन बांधलेलं पुडकं हातात ठेवलं. उघडलं तर आत तिचीच वही.

"आई, खणात सापडली!" सून म्हणाली. "अर्धवटच होती हो. आमचा एकही फोटो नाही! म्हटलं, पूर्ण करून टाकू."

पूर्ण केली होती. नोटिशीवर लेकाचा पदवीचा फोटो, एक्स-रेवर नवऱ्याचा दात काढून हसतानाचा, सगळं डिंकाने गच्च. तरणतलावाचा संध्याकाळच्या वेळेचा पास तेवढा उघडा राहिला होता, तो नेमका नणंदेने हेरला.

"वहिनी, या वयात डुंबायला जात होतात? आणि दादा बिचारा समजायचा ओव्हरटाइम!"

"म्हशीला पाणी दिसलं की राहवतंय होय?" नवरा म्हणाला. सगळे पोट धरून हसले. सवयीने तीही हसली.

मग सुनेने मधलं पान उघडलं. "ही खरी गंमत!"

तिथे घरातल्या सगळ्यांचा मोठा फोटो होता, ठेवणीतल्या कपड्यांतला. आणि कडेला, नणंदेच्या खांद्याशी, एक ओलं डोकं, तोंड उघडं टाकून हसणारं. कात्रीने गोल कापून चिकटवलेलं.

"हा तुम्हीच काढलेला ना, म्हणून तुम्ही त्यात नव्हतात. आता बघा, सगळे आले!"

तिने त्या गोलाच्या कडेवरून बोट फिरवलं. काम सफाईदार होतं, नाव ठेवायला जागा नव्हती.

"उरलेली मी कुठाय?" तिने विचारलं.

"उरलेली म्हणजे?"

"माझे हात. पाणी."

"ते कपटे होय? सकाळीच कचरेवाल्याला दिले."

तिचे डोळे भरून आले. "बघा, बघा, आनंदाश्रू!" नवरा म्हणाला.

"आई, एक फोटो होऊन जाऊ दे," म्हणत लेकाने मोबाईल तिच्या हातात दिला. चौघं एकमेकांना खेटून उभी राहिली. सव्वीस वर्षांत आला नव्हता एवढा संताप तिला त्या क्षणी आला. तिने मोबाईल शांतपणे खाली झुकवला, नीट नेम धरला आणि बटण दाबलं. गळ्याखाली चौघं, आठ बाह्या अगदी स्वच्छ. डोकं एकाचंही नाही.

लेकाने बघितलं. "अगं, आमची डोकी कुठायत?"

"कपट्यांत गेली असतील," ती म्हणाली.

नणंद फिस्सकन हसली. "वहिनींना मेला मोबाईल कधी जमायचाच नाही!"

पुन्हा हसणं. लेकाने तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला, हात लांब केला, चौघंही मावली.

"आई, जरा बाजूला हो ना, तुझी सावली पडतेय."

ती झाली.